नॉर्मल माणसाची नळी

१२ जानेवारी

ठोंब्यास,

आशीर्वाद, नमस्कार, खुशाली यांपैकी या पत्रात काहीही नाही. माझा नंबर तू बंद करून टाकलायस. आईच्या फोनवरून बोलले की "आवाज येत नाहीये" म्हणून ठेवून देतोस. आवाज चांगला येतो. तुझा तर शेजाऱ्यांनाही येतो. म्हणून पत्र लिहितेय.

एकच काम आहे. जवळच्या दवाखान्यात जा आणि रक्त तपासून घे. पेशींची मोजणी करायची आणि एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. सकाळी दिलं की संध्याकाळी कळतं. माझ्याशी बोलू नकोस, मला माफ करू नकोस, दंडाची शीर तेवढी पुढे कर.

का, ते सांगते. डोकं जागेवर ठेवून वाच.

आमच्या प्रयोगाला दोन तऱ्हेचं रक्त लागतं, आजारी माणसाचं आणि धडधाकट माणसाचं. आजारी माणसं हॉस्पिटलात असतातच. धडधाकट माणूस मिळवायचा म्हणजे लोकांच्या हातापाया पडावं लागतं. म्हणून आमच्या लॅबची रीतच आहे, नवरा, मेहुणा, भाऊ, जो तावडीत सापडेल त्याची बाही वर करायची. माझ्या तावडीत तू होतास. तिथं तुझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. "नॉर्मल आला का?" असं विचारायचे, आणि तू शिट्टी वाजवत यायचास.

आता नळीत काय असतं ते. रक्ताला लाल करतं ते हीम. लोकांना वाटतं ते फक्त तांबड्या पेशीच बनवतात. तसं नाही, पांढऱ्या पेशीही स्वतःपुरतं थोडं बनवून घेतात. आम्ही त्यांना कच्चा माल देतो, उरल्यासुरल्या तांबड्या पेशी धुऊन काढतो आणि पांढऱ्या त्या मालाचं काय करतात ते बघतो. धडधाकट पेशी काम पुरं करते. शेवटच्या पायरीला आत लोखंड बसवते, की झालं हीम. कर्करोगाची पेशी मात्र त्या शेवटच्या पायरीशी तुंबते. शिंप्याकडे शर्टांचा ढीग शिवून पडावा आणि बटणं लावायला माणूसच नसावा, तशी गत. हा बिनलोखंडाचा ढीग जांभळ्या दिव्याखाली लालभडक पेटतो. पुरं झालेलं हीम पेटत नाही. म्हणून आजारी नळी लाल दिसते आणि नॉर्मल माणसाची नळी काळी.

त्या दिवशी रॅकमध्ये दोनच नळ्या होत्या. आजारी म्हणून आईची आणि नॉर्मल म्हणून तुझी.

मी आईची नळी दिव्याखाली धरली आणि म्हटलं, "बघ, काय सुंदर दिसतंय." त्या एका वाक्यावरून तू पाय आपटत निघून गेलास आणि तेव्हापासून बहीण तुला मेली. त्यावर मी आज भांडणार नाही. माफीही मागणार नाही, कारण ते सुंदरच दिसतं, त्याला मी काय करू!

पण जाताना तू दार सताड उघडं टाकलंस. आम्ही अंधारात काम करतो, नळ्यांना चंदेरी फॉइल गुंडाळतो, कारण हा लाल माल उजेडानं मरतो. बाहेरच्या ट्यूबलाइटचा झोत थेट रॅकवर आला. सर म्हणाले, उजेड लागला, दोन्ही नळ्या रद्द. मीही म्हटलं रद्द. तुझी नळी थोडी लाल आहे हे मी तेव्हा पाहिलं होतं. आईइतकी नाही, पण लाल. उजेडानं बिघडली असेल म्हणून सोडून दिलं. माझं डोकं तुझ्यावर तापलेलं होतं.

काल नव्या विद्यार्थिनीला ओरडत होते, "दार लाव, उजेडानं लाली जाते!" आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं. उजेडानं लाली जाते. येत नाही, ठोंब्या. म्हणजे तू दार उघडण्याआधी तुझी नळी आणखी लाल असणार.

कळलं का? उद्याच्या उद्या जा.

तुझी सख्खी, नाइलाजानं,
ताई


३ फेब्रुवारी

ठोंब्या,

तुझं उत्तर आईमार्फत पोचलं. "ताईला सांग मी ठणठणीत आहे, आणि माझं रक्त तिच्या तक्त्यात भरायला नाहीये." वा! काय डायलॉग आहे. आईनं तो मला भाजी निवडता निवडता ऐकवला आणि वर म्हणाली, "मी तुमच्या दोघांमधली टपालपेटी नाही. पुढच्या वेळी निरोपाचे पैसे घेईन."

आणि एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐक. आईच्या रक्ताचा तुला फार पुळका आहे ना? ते रक्त तिनं स्वतः सही करून दिलं होतं. "माझ्या अंगात काय चाललंय ते मलाही दाखव," असं तिनंच बजावलं होतं. त्या दिवशी थकवा होता म्हणून ती खाली वॉर्डात झोपली होती, नाहीतर दिव्यापाशी तीच उभी असती आणि तुला तिनंच गप्प केलं असतं. आता ती औषधांवर बरी आहे. जिना चढते, माझ्या चुका काढते. तेव्हा तिच्या वतीनं रुसायचं तू आता बंद कर.

सरांना मी तुझ्या नळीचं विचारलं. ते म्हणाले, "नळ्यांची अदलाबदल झाली असेल तुमच्याकडून." माझ्याकडून! आईच्या नळीत पांढऱ्या पेशींचा नुसता चिखल होता, तुझ्या नळीत चिमूटभर. डोळे बांधून, एका हातानं चहा ढवळत असते तरी मी त्यांची अदलाबदल केली नसती. हे मी सरांना याच शब्दांत सांगितलं. त्यानंतर ते माझ्याशी "आपण" म्हणून बोलतायत.

आता मुद्द्याचं. आई म्हणते तुझं पोट दुखतं. दुपारी गळून बसतोस. फोनच्या पडद्यावरही फिकट दिसतोस. हे ती मला सहज सांगते, जसं हवा कशी आहे ते सांगावं! पोटात दुखणं म्हणजे प्लीहा सुजलेली असू शकते. गळून जाणं, फिकट पडणं, सगळं एकाच दिशेनं बोट दाखवतंय. तुला भीती घालावी म्हणून लिहीत नाहीये. किंवा घालावी म्हणूनच लिहितेय, त्याशिवाय तू हलणार आहेस थोडाच?

लवकर सापडलं तर औषध आहे. आईकडे बघ. उशिरा सापडलं तर माझ्या रॅकमध्ये ज्या नळ्या येतात त्यांची माणसं मला माहीत असतात, आणि पुढच्या महिन्यात काही नळ्या येत नाहीत.

जा रे बाबा.

ताई


२१ फेब्रुवारी

भावजयबाई,

लग्नानंतर तुझं-माझं धड चार वाक्यं बोलणं झालेलं नाही आणि पाचवं हे असं, याचं मला वाईट वाटतं. तुला "तू" म्हणतेय, मोठी आहे म्हणून चालवून घे. तुझ्या नवऱ्याला मी दोन पत्रं लिहिली. पालथ्या घड्यावर पाणी. त्यानं ती वाचली की फाडली एवढंसुद्धा मला माहीत नाही.

त्याचं रक्त तपासायला हवं आहे. का ते त्या पत्रांत आहे. फाडली असतील तर मला कळव, तिसऱ्यांदा लिहीन, हात काही झिजत नाही. त्याला वाटतं मी त्याला परत आणायला सापळा लावलाय. अगं, मला तो परत नकोय! मोठ्यानं बोलतो, शिट्ट्या वाजवतो, दारं उघडी टाकतो. मला तो जिवंत हवाय फक्त.

तू त्याला समोर बसवून विचार. तुझ्यासमोर तरी "आवाज येत नाहीये" म्हणणार नाही.

ताई


१ मार्च

ताई,

तुमची दोन्ही पत्रं त्यांनी फाडलेली नाहीत. उशीखाली आहेत. फाडली असती तर बरं झालं असतं, कारण रोज वाचतात.

ते घाबरलेत. सकाळी दवाखान्यात जातो म्हणून निघतात आणि फाटकापासून परत येतात. मी खनपटीला बसले तेव्हा म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला? बाळ होईपर्यंत मला काही कळायला नको. एकदा बाळाला मांडीवर घेऊन हसायचंय, मग जे असेल ते असेल."

मला पाचवा महिना आहे. तुम्हाला आणि आईंना एवढ्यात सांगू नको म्हणाले होते, कारण सांगितलं की तुम्ही याल आणि आलात की रक्त मागाल. मी सांगतेय. मला हसायला दोघंही हवेत, बाळ आणि बाळाचे बाबा.

तुमची भावजय


४ मार्च

गाढवा,

पाच महिने! पाच महिने आईपासून लपवलंस! आणि मी तुझ्या प्लीहेची काळजी करतेय!

आईला सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग तिनं तुला एक शिवी दिली जी मी लिहू शकत नाही कारण ती माझ्यावरही बसते.

आता माझं नीट ऐक. "बाळ होईपर्यंत कळायला नको" म्हणजे काय? तुला कळलं नाही म्हणून पेशी थांबणार आहेत? "साहेबांना अजून कळवायचं नाहीये, चार महिने दम धरा" असं त्या एकमेकींना सांगणार आहेत? झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, झाकलेलं रक्त दमडीचं नाही. अरे, भीती मला वाटत नाही का? मी रोज त्या काळ्या पडद्याआड जाते आणि दिवा लावण्याआधी हात आखडतो माझा. आईची नळी लावताना तर डोळे मिटले होते. उघडले तेव्हा तोंडातून "सुंदर" निघालं. काय निघायला हवं होतं मग? किंकाळी?

घे. झालं तुझं समाधान?

फाटकापासून परत फिरतोस ना? मग फाटकाला कुलूप लावून चावी बायकोकडे दे आणि तिच्याबरोबर जा. ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे. ती या घरात कशी आली याचं मला कोडं आहे.

या आठवड्यात गेला नाहीस तर मी येईन. बरोबर सुई आणीन. शेजाऱ्यांसमोर अंगणात पाडून रक्त काढीन, आई तुझे पाय धरेल. ती तयार आहे, मी विचारलंय.

ताई


१९ मार्च

ठोंब्या,

तुझा फोन आला तेव्हा मी नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजपाशी होते. तुझं नाव पडद्यावर बघून आधी वाटलं, बायकोनं लावला असेल, तुझ्याबद्दल काहीतरी सांगायला. मग तुझा आवाज आला, "ताई, ते नाहीये." मी म्हटलं, "काय नाहीये?" तू म्हणालास, "कर्करोग नाहीये." पुढचं तू काय बोललास ते मला अर्धंच ऐकू आलं. तू म्हणाला असशील, आवाज येत नाहीये. या वेळी खरंच येत नव्हता, कारण मी फोन तसाच धरून बाकावर बसले होते आणि ती नवी विद्यार्थिनी "मॅडम, प्रयोग बिघडला का?" म्हणून माझ्यासाठी पाणी आणायला धावली होती.

नंतर तुझ्या बायकोनं सगळं नीट सांगितलं. शिसं. तुझ्या रक्तात शिसं आहे, आणि थोडंथोडकं नाही.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी पेशी बघितल्या, पेशी ठीक होत्या, तरी तुला सोडलं नाही. विचारलं, "काम काय करता?" बस्स, एवढंच. आणि तू सांगितलंस की जुन्या घरांची दारं-खिडक्या आणतो, गरम हवेच्या यंत्रानं त्यांचा जुना रंग सोडवतो, खरवडतो, घासतो, नवी करून विकतो. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, दार लावून, कारण शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास! आयुष्यभर दारं उघडी टाकलीस आणि जिथं उघडं टाकायला हवं तिथं बंद केलंस. त्या जुन्या रंगांत शिसं असतं. तू ते दीड वर्ष नाकातोंडानं आत घेतलंस.

आणि मी! शिसं हीमच्या नेमक्या त्याच शेवटच्या पायरीवर बसतं. लोखंड आत जाऊ देत नाही. पोट दुखतं, माणूस फिकट पडतो, गळून जातो, चिडचिडा होतो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. परीक्षेत विचारते. ज्यांना येत नाही त्यांना नापास करते! काखेत कळसा आणि गावाला वळसा. तू टेबलखुर्चीची नोकरी सोडून दारं खरवडायला लागलास तेव्हा मी नाक मुरडलं होतं, पण खरवडतोस म्हणजे नक्की काय करतोस ते विचारलं नाही. दिवसभर एकाच रोगाच्या नळ्या बघून मला जगात दुसरा रोगच दिसेनासा झालाय. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं, दुसरं काय.

तुझ्या पांढऱ्या पेशींबरोबर थोड्या तांबड्याही नळीत राहिल्या असणार, आणि शिशानं तुंबलेला त्यांचाच माल तो पेटला. असो. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे अदलाबदल झाली नव्हती तर." "आपण" मात्र अजून चालूच आहे.

आता हसणं पुरे. तुझ्या बायकोचाही अहवाल मी तिच्याकडून वाचून घेतला. तिच्याही रक्तात आहे. तुझ्यापेक्षा खूप कमी, पण आहे. ती कधी शेडमध्ये गेली नाही. तू गेलास, आणि तेच कपडे घालून घरात आलास, पलंगावर बसलास, ते कपडे तिनं झटकून धुतले. तिच्या रक्तातून ते पोटातल्या बाळात जातं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या वेळेत आलात, आत्ता थांबवलं तर उतरेल, बाळाचं वजन आणि ठोके सध्या व्यवस्थित आहेत. आणि बाळ होईपर्यंत थांबलो असतो तर काय, हे तिनं विचारलं तेव्हा त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

तू बाळासाठी थांबला होतास, ठोंब्या. मी तुला रागावणार होते, आठ ओळी तयार होत्या डोक्यात. पण तू फोनवर शेवटी जे म्हणालास, "ताई, मी हेच हात तिच्या पोटावर ठेवत होतो गं," त्यानंतर माझ्याकडे रागवायला काही उरलं नाही. ते तू स्वतःला आयुष्यभर सांगत बसशील. बसू नकोस. शेडला कुलूप लाव. घर ओल्या फडक्यानं पूस, झाडू नकोस, झाडलं की उडतं. गाद्या बदल. तिनं त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. औषध वेळच्या वेळी घे. आणि दर महिन्याला दोघांनी रक्त द्यायचं.

फाटकापासून परत फिरायचं नाही.

ताई


२३ जून

ठोंब्या,

तुम्ही दोघं रविवारी आलात आणि रविवारीच गेलात. तुझी बायको पोट सांभाळत आमचा जिना चढली, आणि आई तिच्यामागे "हळू, हळू" करत दुप्पट धापा टाकत. तू दारात उभा राहून म्हणालास, "बरी आहेस?" मी म्हटलं, "बरी आहे." झाला आपला समेट. आई नंतर म्हणाली, एवढ्यासाठी पोस्टाची इतकी तिकिटं वाया घालवलीत?

तुमच्या दोघांचं शिसं उतरतंय, तिचं तर जवळजवळ गेलंय, हे कागदावर मी तीनदा वाचलं. शेड रिकामी केलीस आणि आता नवं, बिनरंगाचं लाकूड घेऊन कपाटं बनवतोस, हेही ऐकलं. छान. नाक मुरडलं नाही, बघ.

मग तू स्वतःहून बाही वर केलीस. मी मागितलं नव्हतं. एक शब्द बोलले नव्हते. तूच म्हणालास, "तुला नॉर्मल लागत असेल ना?" आणि तोंड दुसरीकडे फिरवलंस, सुईला घाबरल्यासारखं. शीर दुसऱ्या खेपेला सापडली. दंडावर निळं पडलं असेल तर बर्फ लाव.

पेशींना कच्चा माल देऊन दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं आणि तुमची परतीची गाडी होती, म्हणून तुला थांबता आलं नाही. आई मात्र ऐकेना. "मागच्या वेळी झोपवून ठेवलंत मला, या वेळी मी येणार." तिला घेऊन सोमवारी लॅबमध्ये गेले. सरांनी तिला खुर्ची दिली. तिलाही "आपण" म्हणाले.

तांबड्या पेशी काढून टाकायला या वेळी मी दुप्पट वेळ घेतला. धुतल्या, फिरवल्या, परत धुतल्या. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, एवढं करायची गरज नाही." मी तिला बाहेर काढलं. पडदा ओढला. फॉइल सोडलं. कर्करोग नाही हे दवाखान्यानं केव्हाच सांगितलंय, सगळे अहवाल तोंडपाठ आहेत मला, तरी बोट दिव्याच्या बटणावर ठेवून मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. शेवटी अंधारात आईच म्हणाली, "लाव गं."

लावला. ती खुर्चीतून पुढे वाकली.

"कुठली याची?"

"ही. माझ्या हातातली."

"दिवा लागलाय ना?"

"लागलाय."

"मग दिसत का नाही काही?"

"नीट बघ, आई. जवळून बघ."

"बघतेय की. चष्मा लावलाय. काळं आहे सगळं, काहीच नाहीये त्यात."

"नक्की?"

"अगं, नाही म्हणते ना! आणि तू रडतेस कशाला, बावळट?"

ताई